एकाच बारचे दोन शाफ्ट

बेळगावच्या उद्यमबागेत बाबांचं छोटं लेथचं वर्कशॉप होतं. मी दहावीत असताना त्यांनी गुऱ्हाळाच्या दोन चरकांसाठी दोन शाफ्ट करून दिले. ईएन-एटचा एकच बार, एकच लेथ, एकाच काकांचा हात. एक शाफ्ट दुसऱ्याच हंगामात मोडला. दुसरा मी नोकरीला लागलो तरी फिरत होता.

गिऱ्हाईक ओरडून गेलं आणि बाबांनी राग काकांवर काढला. "खांद्याच्या कोपऱ्यात रेडियस नीट दिला नसणार." काका एवढंच म्हणाले, "मालक, दोन्हीला सारखाच दिलाय." त्यांचं कुणी ऐकलं नाही. मोडका तुकडा भंगारात गेला.

पुढे बीईला मशीन डिझाइन शिकताना हे कोडं थोडं उलगडलं. फिरत्या शाफ्टचा पृष्ठभाग प्रत्येक फेऱ्यात एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. भार मोडण्याइतका नसतो, पण फेरे लाखोंनी होतात आणि पोलाद थकतं. 1842 मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायहून निघालेल्या रेल्वेचा आस असाच तुटला आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. नंतर जर्मनीत व्होलरने रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं चाचण्या घेतल्या. साध्या कार्बन पोलादाला एक मर्यादा असते, तिच्याखालचा ताण ते जवळपास कितीही फेरे सोसतं. ढोबळमानाने ही मर्यादा एकदाच ओढून तोडायला लागणाऱ्या ताणाच्या निम्मी.

पण हा आकडा सरासरीचा, हे मी परीक्षेपुरतंच पाठ केलं होतं! एकाच बारचे पॉलिश केलेले नमुने तपासले तरी उत्तरं वेगवेगळी येतात. डिझाइनच्या पुस्तकांत प्रमाण विचलन साधारण 8 टक्के धरतात. म्हणजे सरासरी मर्यादा 300 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असेल आणि 100 पैकी 99 नग टिकायला हवे असतील, तर 244च धरायची. आयुष्याचा फरक तर याहून मोठा. त्याच भाराखाली एक नमुना दुसऱ्याच्या दहापट टिकू शकतो.

कारण भेग सर्वांत कच्च्या जागी सुरू होते. पोलादात मँगनीज सल्फाइडचे, अॅल्युमिनाचे बारीक कण अडकलेले असतात. असा कण नेमका खांद्याच्या पृष्ठभागाशी आला की घात. स्वीडनच्या वायबुलने 1951 च्या लेखात अशा विखुरण्यासाठी एक सूत्र मांडलं. त्याच्या उदाहरणांत एसटी-37 पोलादाचं थकवा-आयुष्य आहे, आणि भारतीय कापसाच्या तंतूंची ताकदसुद्धा!

यावरून काका निर्दोष होते हे सिद्ध होत नाही. मोडलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या रेघा दिसतात, त्या भेग कुठून निघाली ते दाखवतात. तो तुकडा पाहायला हवा होता. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले.

गेल्या दिवाळीत आम्ही दोघं फराळ घेऊन काकांकडे गेलो. विषय त्यांनीच काढला.

"दुसरा चालतोय का रे अजून?"