आमचा दगड आणि १९३८ सालचं विमान

आमच्या विमानाचं अधिकृत नाव 'गरुड' होतं. टेकफेस्टच्या त्या दुपारनंतर सी ब्लॉकमध्ये सगळे त्याला 'दगड' म्हणायला लागले. चौघांची टीम, तीन आठवड्यांची जागरणं, दोन बुडवलेली सबमिशन्स आणि घरून "प्रोजेक्टला लागतात" असं सांगून आणलेले पैसे. विमान मैदानावरून उठलं, एक झोकदार वळण घेतलं आणि ११ व्या सेकंदाला मेसमागच्या सायकल स्टँडमध्ये घुसलं. नशीब, तिथे सायकलींखेरीज कोणी नव्हतं. ज्याच्या सायकलीचा मडगार्ड वाकला तो बरेच दिवस आमच्याशी बोलत नव्हता.

पुढे जाण्याआधी एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. 'एकोणसाठ' म्हणजे फिफ्टी-नाइन की सिक्स्टी-नाइन हे मला आजही मनातल्या मनात मोजावं लागतं. म्हणून या लेखातले मोठे आकडे मी अंकांतच लिहिलेत. शुद्धलेखन संपादकांनी सांभाळून घ्यावं.

तर, विमानाचे तुकडे घेऊन आम्ही वर्कशॉपमध्ये गेलो. कारपेंट्री शॉपमधले मामा शाळेत एनसीसीत असताना बाल्सा लाकडाची ग्लायडर्स करायचे. त्यांनी आमचा पंख तळहातावर तोलला आणि म्हणाले, "अरे, याला मोटर उडवत होती. विमान स्वतः कुठे उडत होतं?" तेव्हा आम्हाला तो टोमणा वाटला. पण वाक्य डोक्यातून जाईना. त्याचा अर्थ शोधता शोधता मी एका भन्नाट खेळापाशी पोचलो. त्यात बरेचसे पिकल्या केसांचे लोक ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या नकाशांवरून विमानं बांधतात, ती उडवायला एकमेकांच्या देशात जातात, आणि हातात रिमोट असूनही तो शक्य तितका कमी वापरतात!

या मंडळींच्या संघटनेचं नाव सोसायटी ऑफ अँटिक मॉडेलर्स, थोडक्यात 'सॅम'. ती १९६० च्या दशकात अमेरिकेत सुरू झाली. नंतर ब्रिटन, इटली, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांत शाखा निघाल्या. शाखांना नंबर असतात, पण ते आपल्या रोल नंबरसारखे ओळीने नाहीत. ब्रिटनमधली एक शाखा ३५ नंबरची आणि दुसरी थेट १०६६. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं ते हे साल. (हे मला लगेच कळलं. पानिपतचं साल विचारलं असतं तर थांबावं लागलं असतं. कॉन्व्हेंट!)

मूळ नियम सोपा आहे. 'ओल्ड टायमर' गटात विमानाचा आराखडा १९४२ साल संपण्याआधीचा हवा. गोंद नवा चालतो, आराखडा त्याच प्रमाणात लहान-मोठा केलेला चालतो, रेडिओ तर आजचा २.४ गिगाहर्ट्झचा चालतो. पण पंखाचा आकार, शेपटी, सगळ्याची ठेवण मूळ नकाशाप्रमाणे. रेडिओने रडर, एलिव्हेटर आणि इंजिन एवढंच हलवायचं. मग जो जास्तीत जास्त वेळ हवेत राहील आणि ठरलेल्या जागेत परत उतरेल तो जिंकला. लूप नाही, रोल नाही. लांबून बघणाऱ्याला वाटेल, यात काय विशेष?

विशेष समजायला १९३० च्या दशकात जावं लागतं. तेव्हा रेडिओ नव्हताच. विमान हातातून सुटलं की सुटलं. आधी सगळी रबरावर उडायची. मग १९३३ च्या अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेत फिलाडेल्फियाच्या मॅक्सवेल बॅसेटने पेट्रोल इंजिन लावलेलं विमान आणलं आणि रबरवाल्यांना मागे टाकलं. इंजिन होतं बिल ब्राउन या त्याच्याच गावच्या तरुणाचं, सुमारे १० सीसीचं. पुढे ते 'ब्राउन ज्युनिअर' नावाने विकलं गेलं. मे १९३४ मध्ये बॅसेटचं विमान न्यू जर्सीतल्या कॅम्डनहून जे निघालं ते २ तास ३५ मिनिटांनी डेलावेअर राज्यात मिडलटाउनला उतरलं. चालवणारा कोणी नाही, रिमोट नाही, आणि विमान दुसऱ्या राज्यात!

असं व्हायला लागल्यावर स्पर्धा घेणार कशी? म्हणून इंधनावर बंधन आलं. टेक्साको या तेल कंपनीच्या नावाच्या ट्रॉफीसाठी विमानाच्या वजनाच्या प्रमाणात इंधन मोजून देत. सॅमच्या स्पर्धांमधला 'टेक्साको' हा प्रकार तिथूनच आला. माझा सगळ्यात आवडता प्रकार हाच, कारण त्यातलं गणित आपल्या सेकंड इयरच्या थर्मोडायनॅमिक्सच्या पहिल्या युनिटएवढंच आहे आणि तरी मला ते आधी सुचलं नव्हतं.

समजा, एक किलो विमानाला ५ सीसी पेट्रोल मिळालं. त्यातली ऊर्जा साधारण १६० किलोज्यूल. छोटं इंजिन आणि प्रॉपेलर मिळून त्यातली ५ टक्केच कामी आणतात असं धरू, म्हणजे ८ किलोज्यूल. आता इंजिन बंद असताना हे विमान दर सेकंदाला ०.६ मीटर खाली घसरतं असं माना. १ किलो वजन गुणिले ९.८ गुणिले ०.६, म्हणजे सुमारे ६ वॉट. विमानाला नुसतं त्याच उंचीवर ठेवायला एवढीच पॉवर लागते. ८००० भागिले ६ म्हणजे साधारण १३३० सेकंद, २२ मिनिटं. झालं उत्तर.

यात दोन गमती आहेत. पहिली, हळूहळू चढा किंवा सुसाट चढा, आदर्श हिशोबात एकूण वेळ तोच येतो; फक्त सुसाट चढताना हवेचा विरोध जास्त खावा लागतो, म्हणून टेक्साकोवाले मोठा प्रॉपेलर लावून इंजिन सावकाश, गाडी न्यूट्रलला असावी तसं चालवतात. दुसरी गंमत अशी की वजन दोन्हीकडे असल्यामुळे कटतं! इंधन वजनाच्या प्रमाणात, लागणारी पॉवरही वजनाच्या प्रमाणात. उरते ती फक्त घसरण. आणि घसरण ठरते पंखाच्या क्षेत्रफळामागे किती वजन आहे त्यावर, म्हणजे विंग लोडिंगवर. लोडिंग चौपट झालं की घसरण दुप्पट, वेळ निम्मा. म्हणूनच काही गटांत लोडिंग ठरावीक मर्यादेच्या खाली नेता येत नाही. छोट्या इंजिनाच्या 'हाफ-ए टेक्साको' गटात ती दर चौरस डेसिमीटरला सुमारे २४ ग्रॅम आहे. नाहीतर लोक कागदाचा कंदीलच उडवतील.

आमच्या दगडाचं लोडिंग मी नंतर काढलं. १४०० ग्रॅम भागिले २८ चौरस डेसिमीटर. ५० ग्रॅम!

आता मामांच्या वाक्याकडे. त्या काळच्या विमानाला वर गेल्यावर सांभाळणारं कोणी नव्हतं, म्हणजे सांभाळण्याची सगळी अक्कल त्याच्या आकारातच घालावी लागायची. समोरून बघितलं तर पंख उथळ व्हीसारखे वर वळलेले असतात. वाऱ्याने एक बाजू खाली गेली की विमान त्या बाजूला सरकतं, खालच्या पंखाला हवा जास्त कोनात लागते, तो आपोआप वर उचलला जातो. मुख्य पंख शेपटीच्या आडव्या पंखापेक्षा दोन-तीन अंश जास्त कोनात बसवलेला असतो. नाक खाली गेलं, वेग वाढला, की नाक पुन्हा वर येतं. इंजिन सरळ पुढे बघत नाही, किंचित खाली आणि किंचित उजवीकडे बघतं. बाहेरून ही विमानं गावठी दिसतात, पण प्रत्येक 'किंचित' च्या मागे कोणाची तरी दहा मोडलेली विमानं आहेत.

पंख रबरबँडने बांधलेला असतो. मी आधी हसलो होतो. मग कळलं, विमान आपटलं की रबर निसटतो, पंख सुटा होतो आणि वाचतो. आमचा पंख आम्ही नटबोल्टने आवळला होता...

रेडिओ आला तो असा. १९३७ साली डेट्रॉइटच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्यांदा रेडिओ कंट्रोलचा गट ठेवला. उतरले सहाजण. जिंकला चेस्टर लँझो, ज्याचं विमान सगळ्यांत हलकं आणि सगळ्यांत साधं होतं. उड्डाण काही मिनिटांचंच आणि तेही डगमगत, पण बाकीच्यांचं तेवढंही झालं नाही. पुढे वॉल्ट आणि बिल गुड या भावांनी 'गफ' नावाच्या विमानाने हा गट गाजवला; ते विमान आता स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. पण मला लँझोच जवळचा वाटतो. त्याचा १९३८ चा 'बॉम्बर', सुमारे आठ फुटी पंखाचा, आजही टेक्साकोमध्ये हमखास दिसतो. नाव बॉम्बर, चालणं एकदम पेन्शनरचं.

थोडक्यात, या खेळात रेडिओ विमान उडवायला नाही, परत आणायला आहे. आधी त्यासाठी शेपटीला जळती वात लावत. ठरावीक वेळाने वात रबरापर्यंत पोचायची, रबर जळून तुटायचा, शेपटी वर उचलली जायची आणि विमान सपाट खाली यायचं. वात लावायला विसरलात आणि थर्मल लागला, तर विमानाला रामराम.

थर्मल हा खरा प्रतिस्पर्धी आणि खरा मित्र. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा सेकंदाला एक-दोन मीटरने वर चढत असते. आपली घसरण ०.६ आणि हवा वर चालली १.५ ने, तर इंजिन बंद असूनही विमान चढतं. म्हणून २२ मिनिटांचं आपलं गणित ही फक्त सुरुवात. थर्मल कसा शोधायचा? उंच काठीला बांधलेली चकचकीत पट्टी बघायची, गालावरचा वारा क्षणभर बदलला तर सावध व्हायचं, दुसऱ्याचं विमान कुठे चढतंय ते बघायचं. आणि पंख न हलवता गोल फिरणारी घार दिसली, तर मुकाट्याने तिच्यामागे जायचं. ती हा कोर्स जन्मतःच पास आहे.

आता 'आंतरराष्ट्रीय' आणि 'मैत्री' या शब्दांबद्दल. विमानांच्या मॉडेल्सच्या अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा वेगळ्या; हे त्यात बसत नाही. सॅमची मोठी वार्षिक स्पर्धा अमेरिकेत अनेकदा इंडियाना राज्यातल्या मन्सीच्या मैदानावर किंवा नेवाडातल्या बोल्डर सिटीजवळच्या कोरड्या तलावात झाली आहे, आणि युरोपातल्या शाखांची स्पर्धा वेगवेगळ्या देशांत भरते. आठ फुटी पंख विमानाच्या बॅगेजमध्ये कसा न्यायचा हा पाहुण्यांचा कायमचा प्रश्न. कोणी पंख मधून दुमडता येईल असा करतो, कोणी सरळ यजमानाकडून विमान उसनं घेतो. ज्याच्याविरुद्ध उडवायचं त्याचंच!

ही रीत जुनी आहे. १९२८ मध्ये ब्रिटनच्या लॉर्ड वेकफील्ड यांनी रबरावरच्या विमानांसाठी कप दिला. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या मुलांना बोटीचं तिकीट परवडणारं नव्हतं. ते विमान खोक्यात भरून, बरोबर सूचनांचा कागद ठेवून पाठवून द्यायचे आणि तिकडचा कोणी अनोळखी माणूस ते त्यांच्या वतीने उडवायचा. विचार करा, व्हायव्हाला दुसऱ्या कॉलेजचा मुलगा तुमच्या वतीने बसला, आणि मनापासून बसला! त्या अनोळखी माणसाने ताणलेला रबर एक पीळ कमी दिला असता तर कोणाला कळलं असतं? पण पाठवणारे पाठवत राहिले.

असो. एवढं वाचल्यावर गप्प बसवेना. आम्ही लँझो बॉम्बरचा नकाशा निम्म्या मापात काढला. बाल्सा महाग, म्हणून फक्त पंखाच्या मुख्य पट्ट्यांना. बाकी फोमशीट आणि बांबूच्या काड्या. इंजिनऐवजी दगडातूनच काढलेल्या भागांपैकी लहान सर्वो आणि नवी छोटी मोटर. वजन ४३० ग्रॅम, पंख १८ चौरस डेसिमीटर, लोडिंग २४. रेक्टर सरांनी मैदान सकाळी साडेसात वाजेपर्यंत दिलं. पहिले चार दिवस मोटर लावलीच नाही. गवतावरून नुसतं हाताने सोडायचं. उड्या मारत गेलं तर नाकात वजन, नाक खुपसलं तर पंखाच्या मागच्या कडेखालची पट्टी काढायची. एका वेळी एकच बदल आणि तो वहीत लिहायचा. पट्ट्या कसल्या, तर जुन्या हॉल तिकिटाच्या.

पाचव्या दिवशी, सव्वासातच्या सुमाराला, मोटर ४० सेकंद चालवली आणि बंद केली. मी रिमोटच्या काड्यांवरून दोन्ही अंगठे उचलले. मामा शेजारी उभे होते. विमानाने नाक जरा खाली घेतलं, सावरलं आणि डावीकडे मोठं गोल वळण घ्यायला लागलं. कोणी काही बोलेना. मेसच्या पत्र्यावर ऊन आलं होतं, तिथे पोचल्यावर ते थोडं उचललं गेलं, मग पुन्हा खाली. उतरायच्या वेळी मी रडरला एकदाच हात लावला, सायकल स्टँड टाळायला.

४ मिनिटं १२ सेकंद. स्टॉपवॉच मडगार्डवाल्याच्या हातात होतं. आम्हीच त्याला बोलावलं होतं, कारण आमच्या बाजूने तो एक सेकंदही वाढवणार नाही याची सगळ्यांना खात्री होती.

नकाशा, वही आणि उरलेली फोमशीट रूम नंबर ११७ मध्ये आहे. दगडही आहे, कपाटावर. रविवारी साडेसहाला मैदानावर या; येताना रबरबँड आणा, आमचे संपलेत.