परक्या शहरातले आपले गाव

मुंबईत धोबीतलावला मेट्रो चित्रपटगृहाजवळ 'जेर महाल' नावाची जुनी इमारत आहे. तिच्या वरच्या मजल्यांवरील खोल्यांच्या दारांवर गोव्यातील गावांची नावे वाचायला मिळतात. या खोल्या म्हणजे 'कुडी'. घर सोडून निघालेल्या गरीब गोमंतकीय तरुणाला शहरात पहिली रात्र काढण्यासाठी त्याच्या गावानेच उभारलेला हा निवारा होता. आज शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी मुंबई, पुणे, बंगळूर गाठणाऱ्या आपल्या मुलांकडे पाहताना ही जुनी व्यवस्था समजून घेणे अगत्याचे ठरते.

कूड कशी चालते?

कोकणीत कूड म्हणजे खोली. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात शेतीवर पोट भरेना, तेव्हा ख्रिस्ती तरुण मोठ्या संख्येने ब्रिटिश मुंबईकडे वळले. कोणी साहेबाघरी स्वयंपाकी झाले, कोणी बँडमध्ये वादक, कोणी शिंपी. अनेकांनी जहाजांवरील नोकरी पत्करली. एकट्याला भाडे परवडणे शक्य नव्हते. म्हणून एकाच गावच्या लोकांनी वर्गणी काढून खोली घेतली आणि गावच्या माणसापुरता तिचा दरवाजा कायमचा उघडा ठेवला.

आत प्रत्येकाच्या वाट्याला पेटी ठेवण्यापुरती आणि चटई पसरण्यापुरती जागा. भिंतीशी वेदी, रोज सायंकाळी सामुदायिक प्रार्थना आणि वर्षातून एकदा गावच्या फेस्ताचा सोहळा. भांडण, मद्यपान, थकलेली वर्गणी यांबाबत नियम कडक असत आणि ते मोडणाऱ्याला कुडीबाहेर व्हावे लागे.

खलाशांसाठी तर हा हिशेब अचूक होता. तारवटी अनेक महिने समुद्रावर असे आणि परतल्यावर पुढील बोट मिळेपर्यंत त्याला मुंबईत ताटकळावे लागे. वर्षभराचे भाडे भरून खोली अडवून ठेवणे त्याला कसे परवडावे? कुडीत मात्र तो नसताना त्याची पेटी सुरक्षित राही, आणि परतल्यावर कोणत्या कंपनीत भरती चालू आहे ही बातमीही तिथेच मिळे.

पैशाआधी ओळख

शहरातील गरिबी केवळ रिकाम्या खिशाची नसते. हमी देणारा कोणी नसणे, हाही तिचाच भाग असतो. अनोळखी तरुणाला उधार कोण देणार? कामावर कोणाच्या शब्दावर ठेवणार? आजारात उशाशी कोण बसणार? कुडीने या प्रश्नांना एकच उत्तर दिले, ते म्हणजे गावाची ओळख. उधारी बुडवणाऱ्याला गावात तोंड दाखवता येत नसे. त्यामुळे कागदपत्रांशिवाय विश्वास टिकत असे.

हीच रीत गिरणगावातही दिसते. कोकणातील आणि घाटावरील गिरणी कामगारांच्या 'गावाच्या खोल्या' लालबाग-परळच्या चाळींत होत्या. एका खोलीत वीस-पंचवीस जण राहत. गिरण्या पाळ्यांत चालत असल्याने एक कामावर जाई तेव्हा दुसरा त्याच्या जागी अंग टाकी. जेवण खाणावळवाल्या बायकांकडे, महिन्याच्या हिशेबावर. याच बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. पुरव या मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या कार्यकर्त्या.

आपलेपणाला वाट मिळाली की त्यातून कलाही जन्म घेते. आज गोव्याची ओळख मानले जाणारे तियात्र प्रथम रंगले ते मुंबईत, 17 एप्रिल 1892 रोजी. 'इटालियन भुरगो' हे त्याचे नाव. घरापासून दूर असलेल्या श्रमिकांना आपल्या भाषेत हसायचे होते, रडायचे होते.

उंबरठ्याबाहेरचे

या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्या मर्यादा झाकून चालणार नाही. कूड पुरुषांची होती. आया म्हणून राबणाऱ्या गोमंतकीय स्त्रियांना तिथे थारा नव्हता. काही गावांच्या कुडी जातीनुसार वेगळ्या झाल्या. ज्याला गावातच मान नव्हता, त्याला शहरातील गावाचा आधार अपुराच पडला. गावाची नजर काहींना मायेची वाटली, काहींना पहाऱ्याची.

आधारही अभेद्य नव्हता. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप लांबत गेला, पगार थांबले, तशी खाणावळींची उधारी तुंबली आणि असंख्य कामगारांना गावची वाट धरावी लागली. सगळ्यांचेच उत्पन्न एकाच वेळी आटले, तर परस्परांना आधार देणार कोण? गावकीचा विमा इथे अपुरा पडतो. तिथे शासनाचा आणि कायद्याचाच हात लागतो.

आजच्या मुलांसाठी

आज शहरात जाणारा तरुण पेइंग गेस्ट म्हणून राहतो. हाती मोबाइल असतो, पण शेजारच्या खाटेवरील मुलाचे गाव त्याला ठाऊक नसते. अनामत रकमेची जुळवाजुळव करण्यात पहिल्या पगाराआधीच घरची शिल्लक संपते. नोकरी गेली तर घरी सांगायची लाज आणि शहरात सांगायला कोणी नाही, अशी कोंडी होते. कुडीत ही लाज फार काळ लपत नसे. रात्री प्रार्थनेला न आलेल्या माणसाची चौकशी होत असे.

जुनी कूड जशीच्या तशी परत आणता येणार नाही, आणि आणूही नये. मात्र परवडणारी वसतिगृहे, मुलींनाही समान प्रवेश, पहिल्या महिन्याच्या भाड्यासाठी छोटी उचल आणि त्या शहरात आधीपासून असलेल्या गावकऱ्यांची पंचायतीकडे अद्ययावत यादी, एवढे तरी आपल्याला करता येईल. दीड शतकापूर्वी निरक्षर खलाशांनी वर्गणीतून जे उभारले, ते आजच्या सुशिक्षित, सधन गोव्याला अवघड का असावे? आपले मूल शहरात एखाद्या रात्री खोलीवर परतले नाही, तर ते कोणाच्या लक्षात येईल, हा प्रश्न प्रत्येक गावाने स्वतःला विचारायला हवा.