इन्फ्लुएंझाचा विषाणू : शिरकाव, प्रसार आणि आजार

१० जून १९१८ रोजी मुंबईच्या पोलीस इस्पितळात सात शिपाई तापाने आजारी होऊन दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. हा हिवताप नव्हे, एवढेच डॉक्टरांना उमगले. थोड्याच दिवसांत गोदीतली, कचेऱ्यांतली आणि गिरण्यांतली माणसे त्याच तापाने अंथरूण धरू लागली. पावसाळ्यात साथ ओसरली, आणि सप्टेंबरात पूर्वीपेक्षा घातक होऊन परतली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसे दगावल्याची नोंद आहे. खेड्यापाड्यांतल्या लोकांनी या साथीला ‘मानमोडी’ असे नाव दिले. साऱ्या हिंदुस्थानात तिने एक कोटीहून अधिक माणसे नेली.

त्या वेळी या आजाराचे खरे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. १८९२ साली फायफर या जर्मन शास्त्रज्ञाला रोग्यांच्या थुंकीत एक जंतू सापडला होता, आणि तोच दोषी असे बहुतेकांनी धरून ठेवले होते. पुढे १९३३ साली लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या तिघांनी रोग्यांच्या घशातील पाणी अत्यंत बारीक गाळणीतून गाळले. त्या गाळणीतून जंतू पार होत नाहीत. तरीही ते पाणी फेरेट नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या नाकात सोडताच तो तापाने फणफणला. गुन्हेगार जंतूहून लहान होता. त्यालाच आपण विषाणू म्हणतो.

इन्फ्लुएंझाचा विषाणू म्हणजे मिलिमीटरचा सुमारे दहाहजारावा भाग. तो जिवंत की निर्जीव, याचा वाद पंडित अजून घालतात. आम्हा कारखान्यातल्या माणसांना तो निराळ्या रीतीने समजतो. त्याच्याजवळ यंत्र नाही, कच्चा माल नाही, शक्ती नाही. आहे ते फक्त एक ड्रॉइंग, तेही आठ तुकड्यांत कापलेले, आणि त्याभोवती एक वेष्टन. आमच्या नाका-घशातील आणि श्वासनलिकेतील पेशी म्हणजे मात्र चालू कारखाना. पेशीच्या अंगावर साखरेच्या जातीचे काही कण असतात. विषाणूच्या वेष्टनावरचे काटे त्या कणांना चिकटतात. पेशी त्याला खाद्य समजून पिशवीत गुंडाळून आत घेते. पिशवीतला रस आंबट होतो, त्यासरशी विषाणूचे वेष्टन पिशवीच्या पापुद्र्याशी एकजीव होते आणि ते आठ तुकडे मोकळे होऊन पेशीच्या केंद्रात पोहोचतात. तेथून पुढे पेशी स्वतःचे काम बाजूला टाकून विषाणूचा माल काढू लागते. काही तासांतच नवे विषाणू बाहेर पडायला लागतात. निघताना ते पुन्हा त्याच साखरेच्या कणांना अडकतात. ते कण कापायची कात्री विषाणूजवळ असते. ऑसेल्टामिव्हिर हे औषध त्या कात्रीलाच अडवते. म्हणूनच ते पहिल्या दोन दिवसांत घेतले तर चांगले लागू पडते. माल गावभर पसरल्यावर त्याचा उपयोग कमी.

मग ताप आणि अंगदुखी कशाने? विषाणू श्वासनलिकेचे अस्तर खराब करतो हे खरे. पण हाडे मोडल्यासारखे वाटते ते मुख्यतः आपल्याच शरीराने वाजवलेल्या भोंग्यामुळे. पेशी धोक्याची रसायने सोडतात, ती रक्तातून फिरतात, ताप चढतो. जीव जातो तो पुष्कळदा त्यानंतर. उघड्या पडलेल्या अस्तरावर नेहमीचे जंतू बसतात आणि न्यूमोनिया होतो. १९१८ सालचे अनेक मृत्यू असेच झाले, आणि त्यांत वीस ते चाळीस वर्षांची, कमावती माणसे फार होती. जंतूंवर अँटिबायोटिक चालते, विषाणूवर चालत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे आमचे कितीतरी भाऊ साध्या फ्लूसाठी डॉक्टरकडे हट्टाने तसली गोळी मागतात, आणि डॉक्टरही देऊन मोकळे होतात.

ड्रॉइंगच्या नकला काढताना चुका होतात, त्यामुळे विषाणूचे रूप दरसाल थोडे बदलते. लस दरवर्षी नवी घ्यावी लागते ती याचसाठी. कधी डुकराच्या वा पक्ष्याच्या विषाणूचे तुकडे यात मिसळतात आणि अगदीच अनोळखी विषाणू तयार होतो. १९५७, १९६८ आणि २००९ साली तसे झाले. २००९ च्या ऑगस्टात पुण्यात केवढा हाहाकार उडाला, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

हा विषाणू खोकण्या-शिंकण्यातून, बोलण्यातून, श्वासाच्या बारीक तुषारांतून आणि काही अंशी हातांवाटे पसरतो. बंद खोलीत ते तुषार हवेत रेंगाळतात. माणूस आजारी दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासूनच तो इतरांना देऊ लागतो, आणि पहिल्या तीन-चार दिवसांत सर्वांत अधिक देतो. विषाणू जात पाहत नाही, असे व्याख्यानांत नेहमी ऐकू येते. मुंबईतली १९१८ ची नोंद मात्र अशी आहे : हजारी मृत्यू युरोपियनांत ८.३, पारशांत ९, आणि ‘कनिष्ठ जातीचे’ म्हणून लिहिलेल्या हिंदूंत ६१.६. विषाणू एकच होता. एका खोलीत किती माणसे निजतात, खिडकी आहे की नाही, पोटात काय आहे, आजारी पडल्यावर पाणी द्यायला घरी कोण आहे, हे एक नव्हते. त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता आणि युद्धामुळे धान्य महागले होते. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईच्या लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी संप केला, त्याच्या मागे ही महागाई होती.

१९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने आजारी कामगाराला भत्ता मिळवून दिला, ही मोठी मिळकत होती. पण नव्या आजाराचे पहिले दोन दिवस त्या कायद्याने भत्त्याबाहेर ठेवले. किरकोळ दुखण्याला कोणी खोटी रजा काढू नये, हा हेतू आम्हाला समजतो. परंतु फ्लूचा रोगी पहिल्या दोन दिवसांतच इतरांना सर्वांत जास्त विषाणू देतो, आणि औषध लागू पडण्याचेही तेच दिवस. रोजंदारीवरचा माणूस त्या दिवसांत ताप अंगावर काढून पाळीला येतो. सूतखात्यात धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवतात आणि खिडक्या बंद ठेवतात. त्याच हवेत शेजारच्या साच्यावरचे लोक आठ तास श्वास घेतात, आणि तिसऱ्या दिवशी त्यांतले दोघे-तिघे कामावर येत नाहीत.