‘काळें फूल’ या नांवाविषयीं

सन १५५२ त मेक्सिकोंतील त्लातेलोल्को येथें मार्तिन दे ला क्रूस या तद्देशीय वैद्यानें रचलेल्या व हुआन बादियानो यानें लॅटिनांत उतरलेल्या सचित्र औषधिग्रंथांत व्हॅनिलाच्या वेलीचें चित्र आहे. ही पोथी पुढें व्हॅटिकनच्या ग्रंथालयांत गेली. १९२९ त ती अभ्यासकांच्या दृष्टीस पडली आणि १९९० त पोपनें ती मेक्सिकोस परत केली. (संग्राहकांनीं हें वाक्य पुन्हां वाचावें.)

या वेलीचें नावात्ल भाषेंतील नांव त्लिल्शोचित्ल, म्हणजे ‘काळें फूल’. परंतु फूल तर हिरवट पिवळें! काळी होते ती शेंग. तीहि वेलीवर नव्हे, तर तोडून, उन्हांत तापवून, कांबळ्यांत गुंडाळून घाम आणल्यावर. तेव्हां हें नांव रानांतील वेल पाहणाराचें नसून सिद्ध माल हाताळणाराचें असावें, असें आमचें मत आहे.

पापांत्ला प्रांतींचे तोतोनाक शेतकरी ही वेल रानाच्या सावलींत जिवंत झाडांवर चढवितात. त्यांत पांगाऱ्याच्या कुळींतील झाड व गिरिपुष्प हीं असतात. आपल्या पानमळ्यांत नागवेलीस शेवरी-पांगाऱ्याचा आधार देतात, तीच ही रीत. शेंद्र्याच्या कोरड्या हवेंत मात्र व्हॅनिला तगणें कठीण.

वेल परदेशीं नेली, तरी शेंग धरेना. कारण फुलांतील पडदा परागांस अडवितो. १८३६ त लिएज येथें मोरेन यानें हातानें फलन साधलें खरें. परंतु मळ्यांत चालणारी सोपी युक्ति १८४१ त रेयुनियाँ बेटावरील एदमों या बारा वर्षांच्या गुलाम मुलानें काढली. काडीनें पडदा उचलावयाचा व अंगठ्यानें पराग दाबावयाचे. आजहि हेंच करतात. त्यास १८४८ त मुक्ति व ‘आल्बियुस’ हें आडनांव मिळालें. १८८० त तो दारिद्र्यांत वारला.