गोदामातल्या मांजराचा खर्चही वहीत मांडा

कापडाचे गोदाम असो, किराण्याचे दुकान असो वा जरीचा कारखाना, उंदरांच्या धास्तीने मांजर पाळलेले असते. हिशेबाच्या वहीत मात्र त्याचे नाव नसते. मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीविषयीची हदीस आमच्या वाचकांना ठाऊक आहेच. येथे आम्ही रुपयांपुरतेच बोलू.

बाजारात कोरडे दाणे आणि ओल्या खुराकाची पाकिटे मिळतात. दोहोंची तुलना किलोच्या भावाने करू नये. ओल्या खुराकात ७५ ते ८० टक्के पाणीच असते, दाण्यांत सुमारे १० टक्के. चार किलोच्या मांजराला रोज दोनशेच्या वर कॅलरी लागतात. त्या साठ ग्रॅम दाण्यांतून मिळतात. ८५ ग्रॅमची पाकिटे मात्र तीन लागतात. समजा, दाणे ४०० रुपये किलो आणि पाकीट ४० रुपयांना आहे. नुसत्या दाण्यांचा महिन्याचा खर्च ७२० रुपये, नुसत्या पाकिटांचा ३,६०० रुपये! कोणता व्यापारी पाकिटे घेईल?

आम्हीही घेतली नाहीत. वर्षभर बोक्याला दाणेच घातले, पाण्याचे भांडे कधी भरले, कधी राहिले. एके सकाळी तो लघवीला बसून कण्हू लागला, थेंबही येईना. लघवी तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावू शकतो, हे जनावरांच्या डॉक्टरांकडून कळले. तो वाचला, पण त्या बिलात वर्षभराची पाकिटे आली असती. मांजर मुळात पाणी कमी पिते, हे आमच्या हिशेबातच नव्हते.

आता रोज एक पाकीट आणि चाळीस ग्रॅम दाणे देतो. वरच्या भावाने महिन्याला १,६८० रुपये होतात. ज्यांना इतके झेपत नाही त्यांनी पाकीट दिवसाआड द्यावे, दाण्यांत थोडे पाणी घालावे. पण पाण्याचे भांडे रोज भरावे. दूध-भाताने काम भागत नाही; मांजराला मांसातले टॉरिन लागतेच, आणि पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. उपाशी मांजर जास्त उंदीर मारते, हाही गैरसमजच. पोट भरलेले मांजरही शिकार करते.

स्वस्त पडते म्हणून पावसाळ्यात मोठी गोणी घेऊ नका. उघडलेल्या दाण्यांना दमट हवेत खवट वास येतो. पाकिटावरील घटकही वाचा. मांस कशाचे, हे लिहिले नसेल तर दुकानदाराला विचारून मगच घ्या.