दोन टक्क्यांच्या आधीचे देणे

उद्योगाने समाजासाठी काय करावे हे सरकारने ठरवू नये, असे स्वातंत्र्यवादी मानतात. मात्र दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान करण्याची मुभा तो विचार कुणालाच देत नाही. राजाजी आणि मिनू मसानी यांच्या स्वतंत्र पक्षाने (१९५९) परवानाराजशी झुंज घेतली ती गांधीजींची विश्वस्ताची कल्पना जवळ ठेवूनच.

डहाणूत या दोन्ही बाजू एकत्र दिसतात. १९९१च्या केंद्रीय अधिसूचनेने तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला, तरीही ५०० मेगावॉटचे कोळशावरचे वीजकेंद्र इथे आले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. धुरातले गंधक काढणारी यंत्रणा सुरू व्हायला २००७ उजाडले. चिकूच्या वाडीवर जाणारा धूर रोखणे हे दान नव्हे, शेजाऱ्याचे देणे आहे. ते वसूल करायला न्यायालय लागले, याची खंत मुक्त बाजाराच्या समर्थकांनाच सर्वाधिक वाटायला हवी.

कंपनी कायदा २०१३चे कलम १३५ वेगळ्या वाटेने जाते. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चायचे. जी कामे दुसऱ्या एखाद्या कायद्याने बंधनकारक आहेत, ती या खर्चात धरता येत नाहीत. शाळेला संगणक दिले म्हणून धुराचा हिशेब मिटत नाही.