नोटरीचा भाडेकरार पुरतो का?

नागापूर एमआयडीसीतल्या नोकरीसाठी सावेडीत किंवा केडगावात खोली घेणारा भाडेकरू अनेकदा मुद्रांकावर अकरा महिन्यांचा करार करतो, नोटरीचा शिक्का घेतो आणि निर्धास्त होतो. अकरा महिने लिहिले की नोंदणी टळते, हा समज महाराष्ट्रात साफ चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ यातील कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी घरमालकाची. टाळल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. करार नोंदलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. तरीही भाडेकरूंनो, अनामत रोख देऊ नका. बँकेतून द्या, आकडा करारात लिहून घ्या. घर सोडताना वाद पेटतो तो याच रकमेवरून. नोंदणी आता ऑनलाइनही होते.